पार्सल शाळेच्या पत्त्यावर

परभणी जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय ३५, शिक्षिका. शाळा गावापासून २२ किलोमीटरवर, स्कूटीवर जाणं-येणं. घरी नवरा, सासूबाई, नऊ वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी. नळाला सहा-सात दिवसांनी पाणी येतं, त्याला वेळ नाही, कधी रात्री दोनलाही येतं. रात्री सगळे झोपले की त्या अकराच्या पुढे मोबाईलवर 'आईला उपयोगी वस्तू' असे व्हिडिओ बघतात आणि त्यातलं काही ना काही मागवतात. आठ महिन्यांत २१,४०० रुपये झाले. दोरी ओढायचा चॉपर, पोळी दाबायचं इलेक्ट्रिक मशीन, चार कप्प्यांचे डबे, फ्रिजमधले पारदर्शक ट्रे, मुलांच्या कामांचा चुंबकी फळा, आणखी बरंच. बहुतेक सगळं आता माळ्यावर आहे. सासूबाई म्हणतात, "रोज काय मागवायलीस गं? घर हाय का दुकान?" म्हणून हल्ली पार्सल शाळेच्या पत्त्यावर येतं. ताई विचारतात, "पगार माझा, वस्तू घरासाठी, तरी अपराधी वाटतं. मला शिस्त नाही, नियोजन जमत नाही म्हणून वेळ पुरत नाही, हे कळतं मला. खरंच वेळ वाचवणाऱ्या वस्तू कोणत्या तेवढं सांगा. आणि सासूबाईंना नवीन काही चालतच नाही, त्यांचं काय करू?"

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य आधी खोडते, मग पुढचं बोलते. 'मला शिस्त नाही' हे ते वाक्य. जी बाई पहाटे पाचला उठून साडेसातच्या आत चार डबे भरते, लेकीची वेणी घालते, सासूबाईंच्या गोळ्या वाटीत काढून ठेवते आणि प्रार्थनेच्या घंटेआधी २२ किलोमीटरवरच्या शाळेत पोचते, तिला शिस्त नाही असं कसं म्हणायचं? शिस्त तुमच्याकडे भरपूर आहे. दिवसात तेवढे तास नाहीत, आणि घरातल्या कामाला लागलेले हात दोनच आहेत.

हे फक्त तुमच्या घरचं नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर लोकांचा दिवस कशात जातो याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्याला दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात असं त्यात निघालं, म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. जे पुरुष घरकाम करतात त्यांची मिनिटं ९७. आणि करणारे पुरुषही चारांत एक. उरलेल्या तिघांनी त्या दिवशी घरातल्या कामाला हातच लावला नव्हता. तुमचे पाच तास नोकरीच्या आधी आणि नंतर बसवायचे आहेत. ते बसत नाहीत यात नियोजनाची चूक शोधत राहिलात तर आणखी एक नियोजनाची वही मागवाल, दुसरं काही होणार नाही.

आता वस्तूंकडे येऊ. त्यांनी वेळ का वाचला नाही हे आधी बघावं लागेल.

चॉपर माझ्याही घरी आहे. तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी मुद्दाम घड्याळ लावून बसले. चार कांदे चॉपरमध्ये दीड मिनिटात बारीक झाले. विळीवर मला सहा मिनिटं लागली. इथपर्यंत तो व्हिडिओ खरा आहे, पण तो इथेच संपतो. पुढे भांडं, पातं, झाकण आणि दोरीची चकती सुटी करायची. पात्याच्या खाचेत कांद्याचा पापुद्रा अडकतो, तो बोटाने निघत नाही, जुना टूथब्रश घ्यावा लागतो. झाकणात पाणी शिरलं तर आतली दोरी ओली राहते आणि दुसऱ्या दिवशी वास मारते, म्हणून ते उपडं घालून वाळवायचं. धुण्याला पाच मिनिटं गेली, दोन तांबे पाणी गेलं. विळी ओल्या फडक्याने पुसली, भिंतीला टेकवली, झालं. महालक्ष्म्यांचा स्वयंपाक असेल, पंचवीस पानं उठायची असतील तर तोच चॉपर सोन्यासारखा आहे. रोजच्या चार कांद्यांना तो उपयोगाचा नाही.

ते दोन तांबे पाणी मी उगीच मोजलं नाही. व्हिडिओतल्या त्या स्वच्छ ओट्यावरच्या नळाला चोवीस तास पाणी असतं. तुमच्या नळाला सहा दिवसांनी. मी लातूरची. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आमच्या गावात आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी भाजी धुतलेलं पाणी फरशीला जायचं आणि फरशीचं संडासात. तेव्हापासून कुठलीही वस्तू हातात घेतली की ही धुवायला किती पाणी लागेल, हे आधी मनात येतं. चार कप्प्यांचा डबा म्हणजे तेल धरून बसणारे सोळा कोपरे. आपला स्टीलचा गोल डबा एका चुळीच्या पाण्यात, राखेने किंवा पावडरीने लख्ख होतो. आपल्याकडच्या आयांनी वस्तू निवडताना हा हिशेब करायलाच हवा. तो आपल्यासाठी दुसरं कुणी करणार नाही.

पोळीचं मशीन माळ्यावर गेलं, त्यातही तुमचा दोष नाही. ते गव्हाच्या कणकेसाठी केलेलं आहे. आपल्याकडे भाकरी ज्वारीची. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन, म्हणजे कणकेला चिवटपणा देणारं प्रथिन नसतं, पीठ ताणलं जात नाही, दाबलं की कडेने फाटतं. गरम पाण्यात मळून, परातीत हाताने थापूनच ती भाकरी गोल होते. 'परभणी मोती'सारखं ज्वारीचं वाण जिथल्या कृषी विद्यापीठाने दिलं, त्या जिल्ह्यातल्या ताटासाठी हे मशीन नाही. तुमच्या शाळेत कुणाच्या घरी रोज पोळ्याच होत असतील तर त्यांना निम्म्या किमतीत देऊन टाका.

मग काय, वस्तू घ्यायच्याच नाहीत? घ्यायच्या, ताई. चांगली वस्तू घरात आली की किती हलकं वाटतं हे मला माहीत आहे. पण घेताना मी एक प्रश्न विचारते आणि तोच तुम्हाला देते: ही वस्तू आल्यावर ते काम घरातलं दुसरं कुणी करू लागेल का?

तुमची यादी या प्रश्नापुढे धरून बघा. चॉपर तुमच्याच हातात राहिला. ट्रे तुम्हीच भरता, तुम्हीच पुसता. मुलांच्या कामाच्या फळ्यावर रोज रात्री तुम्हीच लिहिता, मग सकाळी 'फळ्यावर बघ' असं चारदा तुम्हीच ओरडता. या सगळ्या वस्तू तुमचं काम तुमच्याकडूनच थोडं लवकर करून घेतात. काम तुमच्याकडून हलत मात्र नाही.

माझ्या घरातली सगळ्यात चांगली खरेदी कोणती, विचाराल तर नळाचा माठ. पूर्वी आमचा माठ ओट्यावर होता, पाणी काढायला ओगराळं आत बुडवावं लागायचं. धाकटा हात बुडवील म्हणून प्रत्येक वेळी मीच उठायची. भाकरी तव्यावर असली तरी 'आई, पाणी' आलं की हात धुवून उठ. मग कुंभाराकडून नळ बसवलेला माठ आणला, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तीन विटा रचून त्यावर ठेवला, शेजारी त्याचा छोटा पेला. पहिले चार दिवस फरशी ओली झाली. पाचव्या दिवसापासून ती हाक थांबली. पुढे तो आजीलाही पाणी नेऊन द्यायला लागला, कुणी न सांगता.

तुमच्याकडे अशाच आणखी काही गोष्टी चालतील. पाण्याची टाकी भरली की वाजणारा अलार्म मिळतो, काहीशे रुपयांत, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात. मोटार चालू असताना तुम्ही कान लावून जाग्या असता, असं तुम्ही लिहिलंय. अलार्म सगळ्या घराला ऐकू जातो, त्यामुळे मोटारीचं बटन बंद करणं हे कुणाचंही काम होऊ शकतं. मुलांच्या उंचीवर भिंतीला चार खुंट्या ठोका, दप्तर, पाण्याची बाटली, टॉवेल आणि गणवेश. तांदळाच्या डब्यात एक मापाची वाटी कायम ठेवा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवा: तांदूळ एक वाटी, मूगडाळ अर्धी, पाणी चार, शिट्ट्या चार. मग 'खिचडीला पाणी किती?' हे विचारायला कुणी तुम्हाला शाळेत फोन करणार नाही, आणि खिचडी करणारं माणूस घरात एकाचं दोन होईल.

सासूबाईंबद्दल आता. त्यांना नवीन काही चालत नाही असं तुम्ही म्हणता. पण तुमच्याच पत्रात खाली एक ओळ आहे की मिक्सरला त्यांनी स्वतः शिवलेलं कापडी झाकण आहे आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. मिक्सरही कधीतरी नवीन होता ना? म्हणजे नव्याशी त्यांचं वाकडं नसावं. न विचारता आलेल्या वस्तूशी असेल. त्यांनी तीस-पस्तीस वर्षं चालवलेल्या स्वयंपाकघरात एके दिवशी एक खोकं येतं आणि ते न बोलता सांगतं की तुझ्या हाताचं आता काम नाही. मी त्यांची बाजू घेत नाहीये. 'घर हाय का दुकान' हे दमून आलेल्या सुनेला कसं लागतं ते मला कळतं. पण त्या वाक्याच्या मागे काय असेल ते एकदा विचारून बघा, पार्सल समोर नसताना.

आणि त्यांच्याकडे एक अशी गोष्ट आहे जी तुम्हाला कुठल्याही व्हिडिओत सापडणार नाही. तुम्ही लिहिलंय, 'शनिवारी भाजी नसली की सासूबाई येसरची आमटी करतात, मुलं आवडीने खातात.' ताई, तुमचा वेळ वाचवणारी वस्तू हीच तर आहे! ज्वारी किंवा बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे, मिरची, खोबरं, मसाल्याचं सामान असं सगळं खमंग भाजून दळून ठेवायचं. संध्याकाळी सहाला दमून आल्यावर फोडणी दिली, पाण्याला उकळी आणली, दोन चमचे येसर गार पाण्यात कालवून त्यात सोडलं की दहा मिनिटांत आमटी तयार. चिरायचं काही नाही, धुवायचं एक पातेलं. माझ्या पहिल्या बाळंतपणानंतर मी सासरी निघाले तेव्हा आईने येसरचे दोन डबे बरोबर दिले होते, आणि त्या डब्यांनी मला चार महिने तारलं. भाकरी मऊ कुस्करायची, वरून आमटी, कडेला कच्चा कांदा. तान्हं बाळ मांडीवर घेऊन मी ते जेवलेय.

पण एक ध्यानात ठेवा. येसर भाजायला उन्हाळ्यातली एक अख्खी सकाळ जाते, आणि कढईपुढे बसणारा जीव सासूबाईंचा असतो. तुमचा वेळ वाचावा म्हणून त्यांचा खर्ची पडू नये. भाजणं त्यांच्या नजरेखाली, दळून आणणं नवऱ्याकडे, डबे भरणं मुलांकडे, असं वाटून घ्या. खारोड्या, सांडगे, कुरडया यांचंही तसंच. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, तुम्ही घरी असता. त्या एका आठवड्यात केलेलं वाळवण पावसाळ्यात भाजी महाग झाली की रोज थोडं थोडं हाताशी येतं. सासूबाईंना प्रमाण विचाराल तर त्या 'अंदाजानं' म्हणतील. तुम्ही वाटी घेऊन शेजारी बसा, त्या टाकतील ते आधी वाटीत घ्या आणि वहीत लिहा. वही त्यांच्या नावाची करा.

नवऱ्याबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय: 'ते मदत करतात, सांगितलं की.' या 'सांगितलं की'मध्ये तुमचं निम्मं काम लपलंय. काय संपलं, काय आणायचं, कुणाची फी राहिली, पाणी कधी येईल, हे सगळं डोक्यात ठेवायचं, योग्य वेळी सांगायचं, आणि सांगताना आवाज चढू द्यायचा नाही. ही दगदग कुठलाही फळा घेत नाही. म्हणून त्यांना कामं सांगू नका, एक काम पूर्ण द्या. मी पाण्याचा दिवस देईन. पाणी कधी येणार याची शेजारी चौकशी, रात्रीचा गजर, मोटार, पिण्याचं गाळून भरणं, पिंप धुणं, सगळं. ते एकदा विसरतील. घरात एक दिवस पाण्याची तारांबळ होईल. तेव्हा तुम्ही गुपचूप उठून भरलंत तर ते काम पुन्हा तुमचं झालं. त्या दिवशी टँकरला फोनही त्यांनाच करू द्या. मुलगा नऊ वर्षांचा आहे, तो बाबाबरोबर पाईप धरायला उभा राहू शकतो, आणि राहू द्या. घरात पाणी कोण भरतं हे तो बघून शिकतोय.

पैशाचं. पगार तुमचा आहे, तो खर्चायला कुणाची परवानगी लागत नाही, हे मी स्पष्ट लिहिते. आठ महिन्यांत २१,४०० म्हणजे महिन्याला २,६७५. तुमच्या पगारात हा आकडा घर बुडवणारा नाही. पण 'नंतर पैसे द्या' या सोयीने घेतलेल्या वस्तूंचे काही हप्ते बाकी आहेत असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. ते आधी फेडा आणि ती सोय बंद करा. तारीख चुकली की दंड लागतो, आणि पुढे घरासाठी कर्ज काढायला गेलात तर बँक हेही बघते. अपराधी वाटतं ते मला खर्चाचं वाटत नाही. पार्सल शाळेच्या पत्त्यावर येतं, त्याचं ते असावं. पुढचं पार्सल घरी येऊ द्या. सगळ्यांसमोर उघडा. जी वस्तू घरच्यांसमोर उघडायला नको वाटेल, ती बहुधा नकोच आहे हे तुम्हालाच आधी कळेल.

रात्री अकरानंतर 'फक्त २ शिल्लक' असं लाल अक्षरात दिसतं आणि बोट पुढे जातं. अशी खोटी घाई दाखवणं हा गिऱ्हाइकाला फसवण्याचा प्रकार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात खोटी घाई आहे. तेव्हा त्या लाल अक्षरांना भिऊ नका. दूधवाल्याचा हिशेब जिथे मांडता त्या दिनदर्शिकेवर वस्तूचं नाव लिहा आणि पुढचा आठवडी बाजार होऊ द्या. बाजारात तशी वस्तू दिसली तर हातात घेऊन, उघडून, पात्याला बोट लावून बघता येईल. तोवर तिची आठवणही राहिली नाही तर नाव खोडून टाका. मुलांची खेळणी घेताना आयएसआयचा शिक्का बघाच, १ जानेवारी २०२१ पासून तो बंधनकारक आहे. कुकरलाही बघा. वस्तू बिघडलेली निघाली आणि विकणारा दाद देत नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.

एक गोष्ट मात्र सोडू नका, ती अकरानंतरची अर्धी घटका. मला वाटतं तुम्ही तेव्हा वस्तू शोधत नसता. दिवसभरात तेवढीच वेळ अशी असते जेव्हा कुणी हाक मारत नाही. ती तुमची आहे. व्हिडिओ बघावेसे वाटले तर बघा, फक्त मोबाईलमधली कार्डाची माहिती काढून टाका, म्हणजे खरेदीला उठून पर्स शोधावी लागेल. आणि शक्य असेल तर ही वेळ झोपेतून कापून घेऊ नका. संध्याकाळी सात ते साडेसात मुलं बाबाकडे किंवा आजीकडे, तुम्ही गच्चीवर. सुरुवातीला दोन्ही मुलं जिना चढून येतील. बाबाने खाली न्यायचं.

ज्या मैत्रिणींना स्वतःचा पगार नाही, ज्या दिवसभर शेतात असतात, त्यांनीही खरेदी करताना 'हे काम दुसरं कुणी करू लागेल का' हा प्रश्न स्वतःला विचारावा. त्यांना चार पैसे मागून घ्यावे लागतात, म्हणून तर वस्तू नीट पारखून घेणं त्यांना जास्त गरजेचं. नळाचा माठ आणि चार खुंट्या यांना पगार लागत नाही.

माळ्यावरचं सगळं या रविवारी खाली काढा, सासूबाईंना शेजारी बसवून. काय ठेवायचं ते त्यांना विचारा. चॉपर त्या महालक्ष्म्यांसाठी ठेवतील असं मला वाटतं. आणि पाणी येण्याचा दिवस जवळ आला की गजर त्यांच्या मुलाच्या मोबाईलवर लावा, तो मोबाईल त्याच्या उशाशी ठेवा, आणि त्या रात्री तुम्ही मुलीच्या खोलीत दार लावून झोपा.